उष्टावणानंतरचा घास

प्रस्तावना

उष्टावण हा मामाचा मान. बाळाला मांडीवर घ्यायचे, चांदीच्या वाटीतली खीर बोटाने चाटवायची, ओवाळायचे आणि पंगत बसवायची. सोहळा हौसेने होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला काय द्यायचे, किती द्यायचे आणि कोणी भरवायचे, हे ठरवायला मात्र घरात कोणी बसत नाही. ‘दात आले की खाईल’, ‘अंगावर पितंय की अजून’, असे म्हणता म्हणता नववा महिना लागतो. बाळ रडत नाही, हसते-खेळते, म्हणून कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नाही. आणि अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर रेघ सहाव्या महिन्यानंतर आडवी पडत गेलेली दिसते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सहा महिने पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचा आहार एवढाच त्याचा विषय आहे. बीड जिल्ह्यातल्या आया, आज्या, बाप, अंगणवाडीताई आणि आशाताई डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. त्यातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. बीडच्या बाळाला लागणारी बहुतेक जीवनसत्त्वे आणि खनिजे बीडच्या शेतात, परसात आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांत आहेत. सर्वांत जास्त तुटवडा आहे तो आईच्या वेळेचा. तो तुटवडा ऊसतोडीने आणला आहे, म्हणून इथे बाळाच्या वाटीविषयी बोलायचे तर उसाच्या फडाविषयीही बोलावे लागते.

आधी सहाव्या महिन्याचे गणित. पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. बीडच्या वैशाखातसुद्धा बाळाला वरचे पाणी लागत नाही. जन्मताना तीन किलोचे असलेले बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होते आणि वर्षाचे होईतो तिप्पट. या वाढीला पुढे दूध एकटे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. लोहाची गोष्ट त्याहून निकडीची. बाळ पोटात असताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातले लोह चांगले पचते, पण असते फार थोडे. आईच अशक्त असेल, तिच्याच अंगात रक्त कमी असेल, तर बाळाची शिदोरी मुळात अर्धी भरलेली असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता.

आता बाळाच्या पोटाचा आकार पाहा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास मावते. एवढ्याशा जागेत वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज किंवा पातळ चहा गेला की पोट टम्म होते, बाळ झोपी जाते आणि अंगाला काहीच लागत नाही. ‘वरणाचं पाणी पचायला हलकं’ हा समज आपल्या घराघरांत पक्का आहे. हलके ते आहेच, कारण डाळ पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. अन्न किती घट्ट असावे याची पारख अंगणवाडीताई एका क्षणात दाखवतात. चमचा भरून तिरपा करायचा. अन्न पाण्यासारखे ओघळले तर ते बाळाच्या कामाचे नाही. चमच्याला धरून राहिले आणि हळूच घसरले तर ठीक. या पुस्तकातली प्रत्येक कृती या कसोटीवर बेतलेली आहे.

जीवनसत्त्वांचे नाव काढले की आपल्याकडे हात बाटलीकडे जातो. ‘डॉक्टर, एखादं ताकदीचं टॉनिक लिहून द्या’ ही मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात रोज होते. त्यामागची तळमळ खरी आहे, पण ऊर्जा आणि प्रथिने चमचाभर टॉनिकातून मिळत नाहीत. डब्यातल्या तयार बाळअन्नाचेही तेच. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दुधाच्या पावडरींची आणि तयार अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, तरी एखादा महागडा डबा घरी आणला म्हणजे बाळाचे सगळे केले असे वाटतेच. हजारभर रुपयांचा डबा पुरवून पुरवून वापरताना पावडर पातळ कालवली जाते आणि पुन्हा तेच पाणी बाळाच्या पोटात जाते.

त्याऐवजी घरात काय आहे ते पाहू. बाजरी ही बीडची रोजची भाकरी. तिच्या १०० ग्रॅममध्ये सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने मिळून बाजरीचे ‘धनशक्ती’ नावाचे जास्त लोहाचे वाणही शेतकऱ्यांना दिले आहे. मात्र धान्यातले लोह सहजी अंगी लागत नाही. धान्य भिजवले, मोड आणले, भाजले की ते थोडे मोकळे होते, आणि सोबत लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा आवळा असला की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषले जाते. चहा नेमका उलटे काम करतो. मोडाच्या पिठाचा आणखी एक गुण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी अभ्यासून दाखवला. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत घातले की ती पाणी न वाढवता मऊ होते. बाळाला गिळायला सोपे जाते आणि घासातले सत्त्व कमी होत नाही.

अ जीवनसत्त्व शेवग्याच्या पाल्यात आहे, पालक, मेथी, तांदुळजा आणि शेपूत आहे, गाजर, लाल भोपळा, पपई आणि आंब्यात आहे. ते तेलातुपाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून बाळाच्या वाटीत करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, नाहीतर तूप, चमचाभर हवेच. ‘तेलातुपाने खोकला होतो’ ही भीती सोडून द्यावी. देशात अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची दृष्टी जाऊ लागली, तेव्हा १९७० साली त्याचे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजही नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक लाख युनिटचा पहिला डोस मिळतो आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाचव्या वर्षापर्यंत दोन लाखांचा. लोहाचे पातळ औषधही सरकारी केंद्रात फुकट मिळते. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. त्याने बाळाची शी काळी होते; घाबरून बाटली फेकू नये. ड जीवनसत्त्व आईच्या दुधातून फारच थोडे मिळते, म्हणून पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे औषधाच्या बाटलीला जागा आहे, पण ती अन्नाशेजारी.

बी-१२ विषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपला जिल्हा माळकऱ्यांचा आहे. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज अन्नात असते. भाजी, डाळ, भाकरीत ते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ कमी असल्याचे दिसले. आईच्या अंगात नाही, तर दुधातही नाही. असे बाळ वरच्या अन्नाशिवाय निव्वळ अंगावर राहिले, तर ते मंदावते, बसायला शिकलेले बसेनासे होते, केस विरळ आणि भुरके होतात, कातडी काळवंडते, पुढे हातपाय थरथरू लागतात. वेळेवर ओळखले तर उपचार सोपा आणि गुणकारी आहे. माळ घातलेल्या घराने बाळाला रोज दही-दूध द्यावे आणि आईनेही ते खावे. ज्या घरात अंडे चालते, तिथे ते सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून, कुस्करून जरूर द्यावे. अंडे ‘उष्ण’ पडते, केळ्याने सर्दी होते, या समजुतींनी आपल्या मुलांच्या तोंडचा चांगला घास काढून घेतला आहे.

आश्विनात बालाघाटच्या डोंगरांत सीताफळे पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मऊ, गोड गर, साखर घालायची गरज नाही; फक्त एकेक बी काढून टाकायची. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अन्नात वेगळी साखर, गूळ, मीठ घालू नये आणि मध तर बोटालाही लावू नये. गुटी मधात उगाळून देण्याची पद्धत त्यासाठीच थांबवायला हवी, कारण मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होतो. शेंगदाणा उत्तम, पण बारीक कूट करूनच; अख्खा दाणा घशात अडकतो, आणि बुरशी आलेला दाणा पाखडून फेकून द्यावा.

इथपर्यंतचे कोणत्याही जिल्ह्याच्या पुस्तकात थोड्याफार फरकाने येईल. बीडचे वेगळेपण इथून पुढे आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, माजलगाव, परळी, सगळ्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि पुढे कर्नाटकातले बेळगाव-बागलकोट. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येणे नाही. आता एप्रिल-मे महिन्यात जन्मलेल्या बाळाचा हिशेब करा. त्याला सहा महिने पूर्ण होतात तेव्हा ट्रॅक्टर गावच्या चौकात उभा असतो. ज्या दिवसांत बाळाने पहिले घास शिकायचे, त्याच दिवसांत त्याचे घर, त्याची आजी, त्याची अंगणवाडी आणि त्याचा दुधाचा रतीब मागे राहतो.

तळावरच्या कोपीत त्या आईची पहाट कशी असते, ते पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये. ती तीन-चारला उठते. तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, एकच कालवण करते, तिखटजाळ, कारण कोरड्या भाकरीबरोबर तेच जाते. उजाडायच्या आत फडावर पोहोचायचे असते. तिथे ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. बाळ झोळीत, नाहीतर पाचटाच्या सावलीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. बाळ रडले की बहिणीजवळ असतो पाच रुपयांचा बिस्किटपुडा, आणि तळावर परतल्यावर चहा. ज्या मायबापांनी तोडलेल्या उसातून साखर निघते, त्यांच्या लेकराच्या वाट्याला तिचे हे रूप येते. यात आईचा दोष काडीचाही नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा शोध घेतला. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. जिथे बाईला स्वतःच्या दुखण्यासाठी एक दिवस सुट्टी परवडत नाही, तिथे ‘बाळाला दिवसातून चार वेळा ताजे गरम अन्न द्या’ असे पत्रक हातात देणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकणे आहे.

म्हणून या पुस्तकातले ‘तळावरचे जेवण’ हे प्रकरण सर्वांत मोठे ठेवले आहे. त्याची पद्धत साधी आहे. पहाटे डाळ शिजली की तिखट टाकण्याआधी बाळापुरती घट्ट डाळ काढायची. गरम भाकरीचा पापुद्रा सोडून आतला मऊ भाग तिच्यात कुस्करायचा, चमचाभर कूट, चमचाभर तेल, आणि तिथेच, चुलीसमोर, बापाने किंवा आईने भरवायचे. हा पहिला घास पक्का. ओले अन्न सकाळपासून दुपारपर्यंत ठेवले तर आंबते आणि जुलाबाला कारण होते; दोन तासांपलीकडे ते बाळाला देऊ नये. दुपारसाठी कोरडा डबा. बाजरी किंवा ज्वारी, मूग आणि शेंगदाणे वेगवेगळे भाजून, दळून केलेले पीठ गावाहून निघतानाच भरून न्यायचे. वेळेला उकळून झाकून ठेवलेल्या पाण्यात ते घट्ट कालवायचे. केळे सालीतच सुरक्षित असते, उकडलेले अंडे कवचात राहिले तर थंडीच्या दिवसांत दुपारपर्यंत टिकते. फडावर दोनदा अंगावर पाजायला थांबणे हा वेळेचा अपव्यय नाही, हे मुकादमालाही कळले पाहिजे. आणि ज्या बहिणीच्या ताब्यात बाळ असते, तिला हात धुवायला साबण, वेगळी वाटी आणि भरवण्याची रीत द्यायला हवी. खरे तर ती शाळेत असायला हवी. ती तिथे असेल अशी व्यवस्था होईपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करून बाळाचा आहार सुधारणार नाही.

किती भरवायचे, याचे मापही एवढ्यात सांगून ठेवतो. सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. या तक्त्यात मुलगा आणि मुलगी असे दोन रकाने नाहीत. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्याने हा आकडा पाहिला आहे, तिथे मुलीच्या वाटीतही तेवढेच वरण आणि तेवढेच तूप असले पाहिजे, हे लिहूनच ठेवायला हवे. आजारपणातही घास बंद करायचा नाही. जुलाब लागले तर ओआरएस, चौदा दिवस झिंक, अंगावर पाजणे आणि नेहमीचे अन्न थोडे थोडे, पण वारंवार.

हे सगळे एकट्या घराने पेलायचे का? मराठवाड्याला याचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी आजही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. जिथे माणसे कामाला जातील, तिथे अन्न पोहोचवायचे, हे शासनाने तेव्हा केले होते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव आली. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. व्ही. रमणी हे त्याचे पहिले महासंचालक. पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर, लक्ष देण्याचा आग्रह त्यातून आला. २०१२ साली राज्याची स्वतंत्र पोषण पाहणी झाली, तेव्हा दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सात वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आत आल्याचे दिसले. प्रयत्न केला तर फरक पडतो, आणि काही वर्षांतच पडतो, याचा हा पुरावा आपल्याच राज्याचा आहे. नंतर मात्र तो वेग टिकला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुरटलेली आढळली. त्याआधीच्या पाहणीत ती ३४.४ टक्के होती.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा घरपोच आहार हक्काने दिला. कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरी. हा हक्क बाळाचा आहे, गावाच्या यादीतल्या नोंदीचा नाही. बाळ वडवणीहून शिरोळला गेले की हक्कही तिथे गेला पाहिजे. स्थलांतरित मातांची आणि बालकांची नोंद ठेवण्यासाठी राज्याने यंत्रणा केली आहे. ती चालायची तर निघणाऱ्या गावातल्या ताईने नाव कळवले पाहिजे आणि पोहोचलेल्या गावातल्या ताईने तळावर जाऊन ते शोधले पाहिजे.

तेव्हा हे पुस्तक वाचून बाजूला ठेवू नये. आईने कृतींचा भाग चुलीजवळ ठेवावा. बापाने पहाटेचा एक घास आपल्या हातात घ्यावा. अंगणवाडीताईने ट्रॅक्टर भरण्याच्या आठवडाभर आधी सहा महिन्यांच्या पुढचे आणि त्या टप्प्याला येणारे प्रत्येक बाळ मोजावे, त्याचे वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावे, लोहाची बाटली, पिठाचा डबा आणि ते कार्ड आईच्या हाती द्यावे. सरपंचाने त्या दिवशी तिथे उभे राहावे. साखर कारखान्यांनी तळावर पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बाळे सांभाळणारी एक पगारी बाई द्यावी. एका पाळणाघराचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसणारही नाही. दोन वर्षांच्या आत उणे राहिलेली उंची आणि बुद्धीची वाढ नंतर पूर्ण भरून निघत नाही, आणि हंगाम दरवर्षी येतो. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत जेवढा अवधी आहे, तेवढाच आपल्या हातात आहे.